शेंग खा, पावडरीचं मात्र विचारून घ्या

होळीच्या सुमाराला चोईथराम मंडीत सुरजन्याच्या, म्हणजे आपल्या शेवग्याच्या, शेंगांच्या जुड्या येऊ लागतात आणि इंदूरच्या मराठी घरांत आमटीला, पिठल्याला वेगळीच चव चढते. ही भाजी गुणाची आहे यात शंका नाही. शेंगेत भरपूर तंतू आणि क जीवनसत्त्व असतं. म्हणून शेंगा वेगळ्या उकडून पाणी ओतून देऊ नये, थेट आमटीत शिजवाव्यात; क जीवनसत्त्व पाण्यात उतरतं आणि फार शिजवलं तर कमीही होतं. पण शेवग्याची जी कौतुकं मोबाइलवर फिरतात, त्यांतली बहुतेक शेंगेची नसून पानांची असतात. 100 ग्रॅम शेंगांत लोह एक मिलिग्रॅमही नसतं, तेवढ्याच ताज्या पानांत सुमारे चार असतं. कॅल्शियमही पानांतच कितीतरी जास्त. आणि हीच पानं वाळवून, दळून डब्यात भरली की थोडक्यात पुष्कळ पोटात जातं.

रामबागेत राहणाऱ्या माझ्या आत्याच्या बाबतीत नेमकं हेच घडलं. लहानपणीच्या संधिवाताच्या तापाने तिच्या हृदयाची झडप खराब झाली, पुढे धातूची बसवावी लागली. अशा झडपेवर गुठळी धरू नये म्हणून वॉरफॅरिनची गोळी जन्मभर घ्यावी लागते आणि आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचं मोजमाप, तपासून तिचा डोस ठरतो. आत्याचा आयएनआर 2.5 ते 3.5 मध्ये हवा. गेल्या हिवाळ्यात तो 1.6 वर आला. गोळ्या चुकल्या म्हणावं तर डबीतले वारांचे खण बरोबर रिकामे होते. पालेभाजीही नेहमीइतकीच. खूप खोदून विचारल्यावर कळलं, की शेजारच्या भाभींनी गुडघ्यांसाठी दिलेली हिरवी पावडर ती रोज कोमट पाण्यातून घेत होती.

“अगं, ते काय औषध आहे का? भाजीच तर आहे!” आत्या म्हणाली.

शेवग्याच्या पानांत के जीवनसत्त्व खूप असतं, आणि वॉरफॅरिन काम करतं ते त्याच जीवनसत्त्वाचा परिणाम रोखून. रोज चमचाभर पावडर म्हणजे गोळीचा जोर कमी. झडपेवर गुठळी झाली असती तर पक्षाघातापर्यंत गेलं असतं. वेळेवर रक्त तपासलं म्हणून निभावलं.

गोकुळाष्टमीला कोकणात शेवग्याच्या पाल्याची भाजी करतात, ती कधीमधी पानात पडणं वेगळं आणि रोजचा चमचा वेगळा. मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तरी पावडर सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा, कारण पानं रक्तातली साखर आणि रक्तदाब आणखी उतरवू शकतात. मूत्रपिंडाचा आजार असेल तर पोटॅशियमसाठी शेंगांचंही प्रमाण विचारून घ्या. गरोदरपणी मुळाच्या आणि सालीच्या काढ्याच्या वाटेला जाऊच नका.

आणि घरात कुणी वॉरफॅरिनवर असताना पावडर आधीपासून घेत असेल, तर हे वाचून ती आपल्या मनाने एकदम बंद करू नका. गोळीचा डोस त्या पावडरीसकट बसलेला असू शकतो. पावडर थांबली की रक्त गरजेपेक्षा पातळ होऊन रक्तस्रावाचा धोका येतो. पावडरीचा डबाच डॉक्टरांकडे घेऊन जा आणि आयएनआर पुढे कधी तपासायचा ते त्यांच्याकडून ठरवून घ्या.