सुई वेगळी, पाणी एकच

माझी सिरिंज मी कधी कुणाला दिली नाही, कुणाची घेतली नाही. म्हणून एचआयव्हीची भीती मला कधी शिवलीच नाही.

आम्ही नाशिकमधल्या सातपूर-अंबडच्या कंपन्यांत कंत्राटी कामावर जाणारी तिघं-चौघं पोरं. आधी नशेची 'कुत्ता गोळी', मग गर्द, शेवटी टोचणं. सुया ज्याच्या त्याच्या. पण माल कालवायला पाण्याच्या बाटलीचं झाकण एकच, त्यातलं पाणी एकच, गाळायला कापसाचा बोळाही एकच. वापरलेली सुई त्या पाण्यात बुडाली की आतलं रक्त पाण्यात उतरतं, डोळ्यांना दिसतही नाही. हेपटायटिस सी तर अशा वाटेनं एचआयव्हीपेक्षाही सहज पसरतो. हे सगळं मला समुपदेशक ताईंनी सांगितलं, तेव्हा रिपोर्ट पॉझिटिव्ह आलेला होता.

देशातल्या प्रौढांमध्ये एचआयव्हीच्या लागणीचं प्रमाण जेमतेम ०.२ टक्के आहे. टोचून नशा करणाऱ्यांत 'नॅको'च्या, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या, २०२१च्या पाहणीत ते ९ टक्क्यांच्या आसपास निघालं. शंभरातल्या त्या नऊ जणांतली कितीतरी माझ्यासारखीच 'सुई वेगळी आहे ना' म्हणत राहिली असतील.

आता नाशिकच्या पोरांच्या तोंडी एमडी, म्हणजे मेफेड्रोन आहे. ऑक्टोबर २०२३मध्ये शिंदे गावातला एमडीचा कारखाना मुंबई पोलिसांनी उघडकीला आणला, तेव्हा सगळं शहर हादरलं होतं. ही पोरं मला म्हणतात, "दादा, आम्ही कुठं टोचतो?" खरंय, बहुतेक जण नाकानंच ओढतात. पण त्या नशेत रात्र-रात्र झोप नसते, वासना चाळवते आणि कंडोमचं भान राहत नाही. एचआयव्हीला तेवढी फट पुरते. दारूचंही तेच. मला याचीच सगळ्यात जास्त काळजी वाटते, कारण ही पोरं स्वतःला धोक्यातली समजतच नाहीत.

माझी आई ताईंना भेटायला आली आणि पहिलाच प्रश्न विचारला, "याचं ताट वेगळं ठेवू का?" ताई म्हणाल्या, "मावशी, एकाच ताटात जेवलात तरी काही होत नाही." आई त्या दिवसापासून निवांत झाली. एका खासगी दवाखान्यात मात्र माझी दाढ काढायला नकार मिळाला. असा नकार द्यायला २०१७च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानं बंदी आहे. तुमच्या संमतीशिवाय चाचणी करणं किंवा रिपोर्ट चारचौघांत सांगणंही बेकायदा आहे.

एचआयव्हीवरच्या एआरटीच्या गोळ्या सरकारी केंद्रात मोफत मिळतात. त्या रोज घेतल्या आणि रक्तातला विषाणू तपासणीत सापडेनासा झाला, तर शारीरिक संबंधातून लागण पुढे जात नाही. सुईबाबत अशी हमी कुणी देत नाही, म्हणून गोळ्या चालू असल्या तरी सुई, पाणी, कापूस वाटून घेऊ नका.

नशा आज सुटत नसेल, तरी चाचणी आजच करा. नाशिकला त्र्यंबक रोडवरच्या सिव्हिल हॉस्पिटलच्या आयसीटीसीत, म्हणजे समुपदेशन आणि चाचणी केंद्रात, ती मोफत होते, नाव गुप्त राहतं. धोका नुकताच घडला असेल तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांना गाठा, आणि पहिली चाचणी निगेटिव्ह आली तरी तीन महिन्यांनी पुन्हा करा. जायला धीर होत नसेल तर आधी १०९७ला फोन लावा. पैसे पडत नाहीत. व्यसन सोडायचं असेल तर १४४४६ आहे. सोबत कुणी नसेल तर एकटे जा, पण जा.