कार्ड आणलंय का?

भिवंडीच्या शांतीनगरात माझा दवाखाना आहे. बाहेर भिंतीला लागून दोन बाकडी, आत तपासणीची खोली. आसपास यंत्रमागांची खडखड दिवसरात्र चालू. कारखान्यात बारा-बारा तासांच्या पाळ्या, त्यामुळे मुलांना घेऊन आया येतात त्या संध्याकाळी, सगळ्या एकदम. नोव्हेंबर 2022 मधल्या अशाच एका संध्याकाळी माझ्या हातून एक चूक झाली. ती दुसऱ्या कुणाच्या हातून होऊ नये म्हणून लिहिते आहे.

सव्वादोन वर्षांचा मुलगा होता. तीन दिवस ताप, कोरडा खोकला, नाक वाहतंय, डोळे लाल. हवा बदलली होती, घरोघरी सर्दी-ताप. मी घसा पाहिला, छाती तपासली, तापाचं औषध लिहिलं आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. लसीचं कार्ड आहे का, हे आईला विचारलं नाही. मुलाच्या गालाच्या आतून, दाढांच्या समोर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके आहेत का, हेही पाहिलं नाही.

दोन दिवसांनी ती त्याला परत घेऊन आली. कानामागून उठलेलं पुरळ पोटापर्यंत उतरलं होतं. “माता निकली है, मॅडम,” ती म्हणाली. दाराला कडुनिंबाचा पाला बांधला होता, अंघोळ बंद, दूध बंद, औषधही बंद. मुलाचा श्वास मी घड्याळ लावून मोजला. मिनिटाला बावन्न. या वयात चाळीसच्या वर गेला की छातीची काळजी करायची असते.

तेव्हा मी कार्ड मागितलं. प्लॅस्टिकच्या पिशवीतून तिने ते नीट काढून दिलं. जन्माची लस, दीड, अडीच, साडेतीन महिन्यांच्या लसी, सगळ्यांच्या तारखा होत्या. नऊ महिन्यांचा, गोवरच्या लसीचा, रकाना कोरा होता. मे 2021 मध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, काम थांबल्यावर हे कुटुंब उत्तर प्रदेशात गावी गेलं होतं. परत आल्यावर राहिलेली लस कुणी आठवून दिली नाही. या आईने लस नाकारली नव्हती, कार्डही जपून ठेवलं होतं. ते बघायला मागणारं कुणी भेटलं नाही, आणि त्यात मीही होते.

मुलाला गोवर होता, त्यातून न्यूमोनिया झाला. आठ दिवस रुग्णालयात राहून तो बरा झाला. पण गोष्ट तिथे संपली नाही. त्या पहिल्या संध्याकाळी त्याच बाकड्यावर आठ महिन्यांची एक मुलगी आईच्या मांडीवर होती. बारा दिवसांनी तीही तापाने आली, मग पुरळ, मग ऑक्सिजन. तीही वाचली. तिला गोवर माझ्याच दवाखान्यातून लागला असं छातीठोकपणे सांगता येणार नाही, पण तो संशय माझ्या मनातून गेलेला नाही. तिचं तर लसीचं वयही झालं नव्हतं.

गोवर हवेतून पसरतो. रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही विषाणू तिथे दोन तासांपर्यंत टिकू शकतो. पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासून चार दिवस नंतरपर्यंत मूल इतरांना आजार देतं. लस न घेतलेल्या वस्तीत एका रुग्णापासून बारा ते अठरा जणांना लागण होऊ शकते. एका खोलीत सात-आठ माणसं राहतात, अशा आमच्या चाळींत याचा अर्थ काय, ते वेगळं सांगायला नको.

त्या हिवाळ्यात गोवरच्या उद्रेकामुळे गोवंडी, मालेगाव आणि भिवंडी ही नावं रोज बातम्यांत होती. तिन्ही दाटीच्या, कष्टकऱ्यांच्या वस्त्या. राज्याने डॉ. सुभाष साळुंखे यांच्या अध्यक्षतेखाली कृती दल नेमलं, 15 डिसेंबरपासून लसीकरणाची विशेष मोहीम सुरू झाली. उद्रेकाच्या भागात नऊ महिने ते पाच वर्षांच्या मुलांना जादा डोस देण्याचं ठरलं, काही ठिकाणी सहा महिन्यांपुढच्या बाळांनाही. आशाताई गल्लीगल्लीतून फिरल्या, बंद दारांवर पुन्हापुन्हा गेल्या. हा प्रश्न एकट्या भिवंडीचाही नव्हता. 2021 या एका वर्षात जगभरात सुमारे 4 कोटी मुलांचा गोवरच्या लसीचा डोस हुकला होता.

आईबापांनो, घरी गेल्यावर आधी कार्ड काढा. गोवर-रुबेलाची लस दोनदा घ्यायची असते: नऊ महिने पूर्ण झाल्यावर एकदा, सोळा ते चोवीस महिन्यांत दुसऱ्यांदा. तारीख हुकली असेल तरी पाच वर्षांपर्यंत सरकारी केंद्रात ती मोफत मिळते. साधी सर्दी किंवा किरकोळ ताप असला म्हणून लस टाळू नका. गावी जाताना कार्ड सोबत न्या, तिथल्या केंद्रात दाखवा.

ताप आणि पुरळ दोन्ही असतील तर मूल घेऊन थेट गर्दीत बसू नका, दाराशीच सांगा. कडुनिंब बांधायचा असेल तर बांधा, पण दूध, पाणी, जेवण बंद करू नका. श्वास जोरात चालला, मूल पिईनासं झालं, झटके आले, सुस्त पडलं किंवा बुबुळ पांढुरकं दिसलं, तर त्याच क्षणी रुग्णालय गाठा. “गोवर सगळ्यांनाच येऊन जातो,” असं म्हणून थांबू नका. गोवर गेल्यावरही कित्येक महिने मुलाची प्रतिकारशक्ती खचलेली असते, जुलाब आणि न्यूमोनिया तेव्हाच गाठतात.

माझ्या व्यवसायबंधूंना आणि भगिनींनाही सांगते. ताप-पुरळाचा प्रत्येक रुग्ण महापालिकेला त्याच दिवशी कळवा, रक्ताचा नमुना जाऊ द्या. जीवनसत्त्व ‘अ’ विसरू नका: वर्षापुढच्या मुलाला 2 लाख युनिट, सहा ते अकरा महिन्यांच्या बाळाला 1 लाख, त्याहून लहानाला 50 हजार, लागोपाठ दोन दिवस. विषाणूवर प्रतिजैविकं चालत नाहीत. न्यूमोनिया किंवा कानाचा संसर्ग झाला तरच ती लिहा.

भारताने 2026 पर्यंत गोवर-रुबेला हद्दपार करण्याचं ठरवलं आहे. त्यासाठी शंभरातल्या किमान पंचाण्णव मुलांना दोन्ही डोस मिळायला हवेत. ही पंचाण्णव मुलं सरकारी तक्त्यात मोजली जातात, पण त्यांना शोधायचं आपल्याच चाळीत, आपल्याच बाकड्यावर.

आता माझ्या दवाखान्यात ताप-पुरळाचं मूल बाकड्यावर बसत नाही, मागच्या दाराने सरळ आत येतं. आणि मूल कुठल्याही दुखण्यासाठी येवो, थर्मामीटर लावायच्या आधी मी विचारते, “कार्ड आणलंय का?” तुम्हीही आजच शेजारच्या घरात हा एक प्रश्न विचारा.