भोजनाची मात्रा : द्रोणभर भात आणि नाळीभर भात



शील, समाधी आणि प्रज्ञा यांवर विहारात आपण नेहमी बोलतो. ताटावर मात्र क्वचितच बोलतो. वास्तविक तथागतांनी ताटाचाही बारकाईने विचार केलेला आहे. त्यासाठी पाली भाषेत ‘भोजने मत्तञ्ञुता’ असा शब्द आहे. मत्ता म्हणजे मात्रा, माप. जेवताना आपले माप ओळखणे हा त्याचा सरळ अर्थ. आजच्या पाठात हा शब्द हॉटेलच्या टेबलावर आणि घरच्या चुलीपाशी नेऊन तपासू.

दोन गोष्टी

कोसल देशाचा राजा पसेनदी द्रोणभर तांदळाचा भात खात असे. संयुत्तनिकायात सांगितले आहे की, एकदा असाच जेवून तो धापा टाकीत श्रावस्तीस भगवंतांकडे आला. भगवंत त्याच्यावर रागावले नाहीत. त्यांनी त्याला उपासही सांगितला नाही. सावधपणे आणि मापाने जेवणाऱ्याची दुखणी कमी होतात व म्हातारपण सावकाश येते, अशा आशयाची एक गाथा त्यांनी सांगितली. राजाच्या मागे सुदस्सन नावाचा तरुण उभा होता. राजाने ती गाथा त्याला पाठ करायला लावली. रोज जेवणाच्या वेळी ती म्हणायची आणि रोज शंभर कहापण घ्यायचे, असे ठरले. अट्ठकथेत तर त्याची रीतही दिली आहे. राजा शेवटचा घास घेऊ लागला की गाथा म्हणायची. राजा तो घास बाजूला ठेवी आणि पुढच्या वेळी तेवढे तांदूळ कमी शिजत. होता होता राजा नाळीभर भातावर आला. चार नाळींचे एक आळ्हक आणि चार आळ्हकांचा एक द्रोण हे कोष्टक घेतले, तर राजाचे जेवण सोळाव्या हिश्श्यावर आले. तेही एका दिवसात नव्हे, घासाघासाने!

दुसरी गोष्ट आळवी गावच्या गरीब शेतकऱ्याची. त्याचा बैल हरवला होता. त्याला शोधून तो उपाशीपोटी, उशिरा भगवंतांपाशी पोहोचला. भगवंतांनी आधी त्याला उरलेले अन्न वाढायला लावले आणि तो जेवल्यावरच उपदेश सुरू केला. भिक्खूंना याचे नवल वाटले. पण भुकेल्याच्या मनात धम्म उतरत नाही, हे भगवंत जाणत होते.

या दोन्ही गोष्टी धम्मपदाच्या सुखवग्गात २०३ आणि २०४ या शेजारशेजारच्या गाथांच्या अट्ठकथेत येतात. दोन्ही एकत्र वाचल्या म्हणजे मात्रेचा खरा अर्थ कळतो. ज्याच्या ताटात कमी आहे त्याला ‘कमी खा’ म्हणून सांगणे हा धम्म नव्हे. त्याला आधी वाढले पाहिजे. ज्याच्या ताटात जास्त आहे त्याने आपले माप शोधले पाहिजे.

माप कोणाच्या हातात?

आपल्या समाजाला हा प्रश्न नवा नाही. आपल्या वाडवडिलांचे माप दुसऱ्याच्या हातात होते. दारोदार मागून आणलेली शिळी भाकरी जेवढी पडेल तेवढे जेवण. १९ व २० मार्च १९२७ रोजी महाडच्या कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेत परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी उष्टे अन्न आणि मृत जनावराचे मांस सोडा, असे बजावले. त्यात आरोग्य होतेच, पण त्याहून स्वाभिमान मोठा होता. मी काय खावे हे मी ठरवीन, हा तो स्वाभिमान. त्याचीच पुढची पायरी अशी की, मी किती खावे हेही मीच ठरवीन.

आता हॉटेलात चला. मुंबई-आग्रा महामार्गावर, आपल्या शिंदखेडा तालुक्यातील नरडाण्याच्या बाजूला ढाब्यावर शेवभाजी मागवली, तर बहुधा दोघांना पुरेल एवढी येते, वर तेलाचा तवंग. हॉटेलवाला एवढे का देतो? जागेचे भाडे, आचाऱ्याचा पगार आणि गॅस हा खर्च लहान प्लेटलाही तेवढाच आणि मोठ्या प्लेटलाही जवळपास तेवढाच. दोन पळ्या जास्त वाढायला त्याला फारसे पडत नाही, पण प्लेट मोठी दिसली की दर वाढवता येतो. म्हणजे ते माप आपल्या भुकेचे नसून धंद्याचे असते. ‘अमर्यादित थाळी’त तर पैसे वसूल करण्याच्या नादात माणूस स्वतःच्या पोटाशी भांडतो.

माप उघडपणे सांगताही येते. केंद्रीय मंत्री रामविलास पासवान यांनी एप्रिल २०१७ मध्ये हॉटेलांनी पदार्थाचे प्रमाण ग्राहकाला सांगावे, असा विचार मांडला होता. महाराष्ट्र शासनाने २६ जानेवारी २०२० पासून दहा रुपयांत शिवभोजन थाळी सुरू केली, तेव्हा प्रत्येकी ३० ग्रॅमच्या दोन चपात्या, १०० ग्रॅम भाजी, १०० ग्रॅम वरण आणि १५० ग्रॅम भात असे माप ठरवून दिले होते. माप कळले की कमी पडेल की जास्त होईल हे खाणाराच ठरवू शकतो.

परंतु दोष एकट्या हॉटेलांचा नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण संस्थेच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे २०२२ साली जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले. त्यापैकी ६० टक्के घरांतून आणि २८ टक्के हॉटेले, खानावळी यांतून. ‘अन्न टाकू नये’ ही शिकवण चांगलीच आहे. पण भूक नसता ते पोटात ढकलणे म्हणजे टाकणेच नव्हे काय? उकिरड्यावर टाकले काय आणि भरल्या पोटात टाकले काय, कोणाच्याच कामी आले नाही.

वडीलधाऱ्यांची भूक

याचा सर्वात जास्त त्रास घरातील वृद्धांना होतो. वय वाढले की हालचाल कमी होते, चव आणि वास मंदावतात, दात जातात, जठर सावकाश रिकामे होते. भूक कमी होणे स्वाभाविक आहे. पण उपासमार पाहिलेल्या आपल्या पिढीला ताटात अन्न उरवणे हा गुन्हा वाटतो. लग्नाच्या पंगतीत किंवा मुलाने हौसेने नेलेल्या हॉटेलात बाबा मुकाट्याने सगळे संपवतात आणि रात्रभर कुशी बदलतात. यावर उपाय आग्रहाचा नव्हे. आधी थोडे वाढावे, लागल्यास पुन्हा वाढावे. भिक्खूंच्या नियमांतही पात्र काठापर्यंतच भरावे, त्यावर ढीग नको, असे आहे. सारिपुत्त थेरांची शिकवण तर आणखी नेमकी आहे. पोट भरायला चार-पाच घास उरले असतानाच थांबावे आणि पाणी प्यावे. पोट भरल्याची जाणीव व्हायला सुमारे वीस मिनिटे लागतात, हे आजचे वैद्यकही सांगते.

एक सावधगिरी मात्र ठेवा. भूक अचानक गेली किंवा वजन उतरू लागले, तर त्याला मात्रा समजू नका. डॉक्टरांना दाखवा. वृद्धांचे ताट लहान असावे, पण त्यातून डाळ, अंडे, दूध, मासे कमी होता कामा नयेत.

मंद आच

घरचे रांधणे येथे कामाला येते. हॉटेलात गिऱ्हाईक थांबत नाही, म्हणून मोठी आच, तयार रस्सा आणि चवीसाठी तेल-तिखट. घरी आपल्याजवळ वेळ नावाचा मसाला आहे. उडीद, मठ, चवळी रात्री भिजत घाला. सकाळी जाड बुडाच्या भांड्यात, झाकण ठेवून मंद आचेवर शिजू द्या. डाळ स्वतःच दाट होते, तेल थोडके पुरते. मटणाचा चिवट भागही मंद आचेवर दोन-अडीच तासांत मऊ होतो, कारण त्यातील चिवट धागे विरघळून रस्सा दाट होतो. दात नसलेल्या आजीलाही तो खाता येतो. सोबत कळण्याची अर्धी भाकरी पुरे होते. सावकाश शिजलेले माणूस सावकाश खातो.

मुले सुरतेला, पुण्याला कामाला गेलेली आणि घरी दोघेच म्हातारे, अशी घरे आपल्या भागात अनेक आहेत. त्यांनी भांडेच लहान घ्यावे. मोठ्या पातेल्याला हात जास्तच जातो. मंद आच म्हणजे कोमट नव्हे, बारीक उकळी चालू राहिली पाहिजे. खानदेशच्या उन्हाळ्यात शिजलेले अन्न बाहेर तासन्‌तास ठेवू नये. दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावे आणि खाण्यापूर्वी पुन्हा चांगली उकळी द्यावी.

आणखी एक. मंद आचेच्या नावाखाली बाईला दिवसभर चुलीशी बांधून ठेवू नका. डाळ निवडणे, भिजवणे, अधूनमधून ढवळणे ही कामे पुरुषाला आणि मुलांना सहज येतात. पसेनदीच्या ताटाचे माप एकट्या आचाऱ्याने बदलले नाही. गाथा म्हणणारा आणि घास बाजूला ठेवणारा राजा, दोघेही त्यात होते.

घरी करण्यासाठी

१. सात दिवस प्रत्येकाने किती भाकऱ्या खाल्ल्या आणि किती अन्न उरले, ते मुलांनी वहीत लिहावे. आठव्या दिवशी उरते तेवढे पीठ कमी घ्यावे.

२. हॉटेलात गेल्यास आधी एकच प्लेट दोघांत घ्यावी. उरल्यास न लाजता बांधून मागावे. ते आपल्या पैशाचे अन्न आहे, उष्टे नव्हे.

३. कुटुंबात चर्चा करावी : आळवीचा शेतकरी आणि राजा पसेनदी, यांपैकी आज आपल्या घरात कोण आहे? शेजारच्या घरात कोण आहे? शेजारी शेतकरी असेल, तर आपली मात्रा तेथूनच सुरू होते.