माळावरची नजर

कडबनवाडीचा माळ आणि सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य इथे नव्या पोरांना चिंकारा, लांडगे दाखवत फिरताना जे कळत गेलं, ते लिहितो.

१. नुसती नजर तीक्ष्ण असून भागत नाही. म्हातारा मेंढपाळ जे हेरतो, ते विशीतल्या पोराला दुर्बिणीतूनही सापडत नाही. पोरं अख्खं हरीण शोधतात, आणि वाळल्या गवतात अख्खं हरीण कधी दिसत नसतं. शेपटी शोधा. चिंकाऱ्याची आखूड काळी शेपटी सारखी हलत असते. मनात ठसा पक्का झाला की डोळा आपोआप तिथे जातो. पक्षीही अळ्या असेच टिपतात, असं डच संशोधक ल्यूक टिनबर्गन यांच्या १९६० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडलं होतं.

२. बोटानं दाखवू नका. धाविक पक्षी मुरमाच्याच रंगाचा. तुरुतुरु पळतो, थांबतो आणि थांबला की गायब. पोराला म्हणायचं, ‘पांढऱ्या धोंड्याच्या उजवीकडे बघ, डोळ्यावरची काळी-पांढरी पट्टी शोध.’ सापडला म्हणाला की लगेच विचारायचं, तोंड कुठल्या बाजूला आहे? चूक की बरोबर, तिथल्या तिथे सांगायचं. संध्याकाळी घरी जाऊन सांगितलेलं डोळ्यात उतरत नाही. नुसती पायपीट वर्षानुवर्षं केली तरी नजर तयार होत नाही, ती यामुळेच.

३. क्वचित दिसणारं जास्त निसटतं. जेरेमी वुल्फ आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रयोगांत दाखवलं, की शोधायची वस्तू निम्म्या चित्रांत असली तर साधारण ७ टक्के वेळा हुकते, शंभरात एकदाच असली तर ३० टक्के. लांडग्याचं तसंच आहे. म्हणून नवख्याला रिकाम्या माळावर नेऊ नये, मेंढ्यांच्या कळपामागे न्यावं. मेंढ्या माना वर करून एकाच दिशेला बघू लागल्या, की आपणही तिकडेच बघायचं.

४. ही नजर जागेला बांधलेली असते. माळावरचा पटाईत माणूस भिगवणला उजनीच्या पाण्यावरची बदकं ओळखताना नवशिकाच ठरतो. एक्स-रे वाचण्यात निष्णात डॉक्टरही गर्दीच्या चित्रात लपलेला माणूस शोधण्यात इतरांहून सरस ठरले नव्हते.

५. वनविभागाने कडबनवाडी आणि शिर्सुफळला गवताळ सफारी सुरू केली, ते फार चांगलं झालं. तिथे गाइड घेताना पहिला मान धनगरांच्या पोरांना द्यावा. त्यांचं निम्मं शिक्षण मेंढरांमागे आधीच झालेलं असतं.