मेडशी ते मालेगाव : पायी वारीचा माझा पहिला दिवस

शेगावहून पंढरपूरला निघालेली श्री गजानन महाराजांची पालखी अकोला, पातूर मागं टाकून मेडशीत येते, तेव्हा ती आमच्या वाशीम जिल्ह्यात पाऊल ठेवते. पुढं डव्हा, मालेगाव, शिरपूर जैन, रिसोड करत ती सेनगावच्या वाटेनं मराठवाड्यात शिरते. लहानपणापासून ही पालखी मी रस्त्याच्या कडेला उभं राहून पाहिली. कधी हातात कुंकवाचा करंडा असायचा, कधी पाण्याची कळशी. पन्नाशी उलटल्यावर एका जून महिन्यात ठरवलं, यंदा मेडशीहून रिसोडपर्यंत आपणही चालायचं. पालखीतले सातशेच्या आसपास वारकरी संस्थानच्या शिस्तीत, पांढऱ्या वेषात चालतात. आम्ही गावोगावची माणसं त्यांच्या मागं. मालेगावच्या मुक्कामापर्यंतचा तो पहिला दिवस मला बरंच शिकवून गेला. पहिल्यांदा निघणाऱ्यांच्या उपयोगी पडेल म्हणून लिहिते.

1. पायांत जुनंच असू द्या.
वारीसाठी म्हणून मी खास नवे बूट घेतले होते. दोन तासांत टाच चुरचुरायला लागली, तरी थांबले नाही. डव्ह्याला पोचेपर्यंत टाचेवर बोराएवढा फोड आला होता. महिनाभर रोज पायात असलेलं, थोडं सैल पादत्राण आणि जाड सुती मोजे घाला. आदल्या रात्री तळपायांना खोबरेल तेल चोळा. पायाला कुठं चटका जाणवला की तिथंच बसा आणि त्या जागी चिकटपट्टी लावा. त्या पाच मिनिटांनी पुढचा अख्खा दिवस वाचतो.

2. पहाट दवडू नका.
मृग लागला होता, पण पाऊस नव्हता. अकोला–वाशीम रस्ता आता चौपदरी आहे आणि त्यावर सावली फार विरळ. दहा वाजले की डांबराची धग तळपायांतून वर चढते. म्हणून अंधार असतानाच निघायचं आणि ऊन चढण्याआधी जास्तीत जास्त वाट सरकवायची. एक लिटर पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ घालून बाटली भरून ठेवा. तहान लागण्याची वाट न पाहता घोट घोट पीत राहा.

3. टाळाच्या चालीनं चाला.
पहिल्या तासात माझ्या अंगात फार उत्साह होता. भरभर चालत मी सगळ्यांच्या पुढं गेले. शेजारून जाणारे धोतरातले एक आजोबा म्हणाले, "बाई, पंढरपूर कुठी पळून चाललं नाई. दमानं चाला." टाळ-मृदंगाची लय उगाच ठरलेली नाही. त्या लयीत श्वास आणि पाऊल जुळतं, आणि सत्तरीतली माणसंही पंढरी गाठतात. मी मागं आले, टाळाशी पाऊल जुळवलं. त्यानंतर दम लागला नाही.

4. ओझं घरी ठेवा.
दोन जास्तीच्या साड्या, पोथी, फराळाचा डबा, चादर असं सगळं मी पाठीवर घेतलं होतं. डव्ह्याला भेटायला आलेल्या भाच्याकडं त्यातलं अर्धं परत पाठवलं. जवळ हवं ते एवढंच : पंचा, पाण्याची बाटली, लिंबू, चिकटपट्टी, पावसासाठी प्लॅस्टिकचा कागद आणि रोजच्या गोळ्या.

5. पुढं आलेला हात परतवू नका.
गावागावांत सडा-रांगोळी होती. कुणी ताक घेऊन उभं होतं, कुणी केळी, कुणी पिठलं-भाकरी. मी सकाळपासून सगळ्यांना "नको, आहे माझ्याजवळ" म्हणत होते. इतकी वर्षं शिकवण्यात गेली; द्यायची सवय होती, घ्यायची नव्हती. एका फाट्यावर सातआठ वर्षांच्या मुलीनं स्टीलचा पेला पुढं केला. मी मान हलवली. तिचा चेहरा पडला, आणि मला माझी कळशी आठवली. तिच्याच वयाची असताना मीही अशीच उभी राहायचे. एखादा वारकरी पाणी न घेता पुढं गेला, तर आपल्या पाण्यातच काही उणं आहे असं दिवसभर वाटत राहायचं. मी वळले आणि तो पेला घेतला. पाणी कोमट होतं. शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले. कडेला उभ्या असलेल्या माणसाला पंढरपूरला जाता येत नाही. तुम्ही घोटभर घेतलं, की त्याची वारी तुमच्याबरोबर चालू लागते. हे मला कळशी धरणाऱ्या वयात कळत होतं. मोठेपणी मी विसरले होते.

6. निरोप घ्या आणि पोचवा.
दोन्ही बाजूंना नांगरून, वखरून ठेवलेली काळी रानं होती. सोयाबीन-तुरीचं बियाणं घरात येऊन पडलेलं, आणि आभाळ कोरडं. बांधावरून एक शेतकरी हात जोडून म्हणाला, "माउली, पावसाचं सांगजा इठ्ठलाले." मी तर रिसोडलाच थांबणार होते. पण त्याला तसं सांगवलं नाही. दुपारी डव्ह्याला नाथनंगे महाराजांच्या संस्थानात विसाव्याला ते आजोबा भेटले. त्यांना निरोप दिला. त्यांनी गाव कोणतं ते विचारलं, डोळे मिटून मनात ठेवलं आणि म्हणाले, "पोचवतो." वाटेवर असे किती निरोप त्यांनी मनात ठेवले असतील!

7. मुक्कामाला पायांची सेवा करा, आणि करूही द्या.
पोचल्यावर लगेच आडवं होऊ नका. कोमट पाण्यात मीठ टाकून पाय बुडवा, कोरडे पुसा. फोडाची साल ओढू नका. ती खालच्या कातड्याचं पांघरूण असते. घटकाभर पाय भिंतीला उंच टेकवा. भूक नसली तरी जेवा आणि लवकर झोपा.

मालेगावात आम्ही ज्यांच्या ओसरीवर उतरलो, त्या घरच्या बाईंनी गरम पाण्याचं घमेलं आणलं आणि माझ्यासमोर बसल्या. वयानं त्या माझ्याहून मोठ्या होत्या. सकाळची मी असते तर पाय मागं घेतले असते. त्या म्हणाल्या, "लाजता काऊन? मले कुठी जाता येते पंढरपूरले."

मी पाय पुढं केले.