यंत्रांची निगा व कार्यादेश

यंत्र बिघडल्यावर तें दुरुस्त करणें हें एक काम, आणि तें बिघडूं नये म्हणून निगा राखणें हें दुसरें. या दोन्ही कामांस शिस्त लावणारें साधन म्हणजे कार्यादेश. कारखान्यांत यासच वर्क ऑर्डर म्हणतात.

“पंप आवाज करतो,” असें कोणी सांगतो, ऐकणारा मान डोलावतो, आणि गोष्ट तेथेंच राहते. तोंडी तक्रारीस धनी नसतो. तीच कागदावर उतरली कीं तिला क्रमांक, तारीख व जबाबदार माणूस लाभतो.

कार्यादेशांत पुढील गोष्टी स्पष्ट असाव्या : यंत्र कोणतें, दोष काय, काम कोणी व केव्हांपर्यंत करावयाचें, प्रत्यक्ष काय केलें, कोणते सुटे भाग घातले, आणि शेवटीं चालवून कोणी पाहिलें. उदाहरणार्थ, पवनी तालुक्यांतील गोसीखुर्द धरणास ३३ दरवाजे आहेत. “दरवाजा अडकतो” एवढेंच लिहिलें, तर कारागिरानें कोणत्या दरवाजापाशीं जावें? क्रमांकावांचून तो हुकूम व्यर्थ होय. शिवाय अशी तपासणी वैनगंगेस पूर येण्यापूर्वींच व्हावयास पाहिजे. म्हणून बिघाडाची वाट न पाहतां ठराविक मुदतीनें काढावयाचे कार्यादेशही असतात.

दुरुस्ती झाली म्हणजे कार्यादेश बंद करावा. मात्र “झालें” या शब्दावर विसंबूं नये, यंत्र चालवून पाहावें. बंद झालेले कागदही जपावे. एकाच यंत्राच्या नांवें वर्षांत पांच-सहा हुकूम निघाले असतील, तर तें बदलावें काय, याचा विचार करावा.

यंत्रांच्या निगेवर काय अवलंबून असतें, हें भंडाऱ्यांत वेगळें सांगावयास नको. ९ जानेवारी २०२१ रोजीं पहाटे येथील जिल्हा सामान्य रुग्णालयांत नवजात बालकांच्या कक्षास आग लागली व १० बालकें दगावलीं. त्या दुर्घटनेच्या दोषाचा निवाडा करणें हें आमचें काम नव्हे. परंतु बालकांस ऊब देणाऱ्या यंत्रावर कोणाचें तरी लेकरूं विसंबलेलें असतें, हें आपण विसरूं नये.

विद्यार्थ्यांनो, वर्गांतील पंखा खडखडूं लागला तर दोन ओळी लिहून तारखेसह द्या, आणि काम पुरें होईपर्यंत विचारीत राहा. आपल्या हातीं सोंपविलेल्या वस्तूचे आपण कारभारी आहों, अशी आमची श्रद्धा आहे. पालकांनींही विहिरीवरील मोटारीसाठीं एक वही घालावी. तेल केव्हां दिलें, तार केव्हां बदलली, हें मुलांकडून तींत लिहवून घ्यावें.