एमपीआयच्या टेबलावर: काय करावे, काय टाळावे

पोलादाचा जॉब चुंबकित केला की भेगेपाशी चुंबकीय क्षेत्र पृष्ठभागाबाहेर गळते आणि लोखंडाची बारीक पूड तिथे जमते. चुंबकीय कण तपासणीचे, म्हणजे एमपीआयचे, तत्त्व एवढेच. क्रँकशाफ्टसारख्या फोर्जिंगमधली केसाएवढी भेगही त्यात सापडते. ती निसटते ती बहुधा आपल्या सवयींमुळे.

काय करावे

- पाळीच्या सुरुवातीला बाथ, म्हणजे पूड मिसळलेला द्रव, मोजा. पंप अर्धा तास फिरू द्या, 100 मिलीलिटर नमुना सेटलिंग ट्यूबमध्ये घ्या आणि स्थिर ठेवा. फ्लुरोसंट पूड तळाशी 0.1 ते 0.4 मिलीलिटर बसली पाहिजे.
- प्रत्येक जॉब दोन दिशांनी चुंबकित करा. शाफ्टमधून करंट सोडला की लांबीतल्या भेगा दिसतात, कॉइलमध्ये धरला की आडव्या. एकाच शॉटवर, म्हणजे एकदाच चुंबकित करून, भागवले तर अर्धीच तपासणी झाली.
- योकची, म्हणजे हातात धरायच्या विद्युतचुंबकाची, ताकद वजन उचलून पाहा: एसीला 4.5 किलो, डीसीला 18 किलो.
- अंधाराला डोळे सरावू द्या. जॉबवर यूव्ही-ए प्रकाश किमान 1000 मायक्रोवॅट प्रति चौरस सेंटिमीटर हवा, पांढरा उजेड 20 लक्सच्या आत.
- तेलाच्या छिद्रांच्या कडा आणि जर्नलजवळचे फिलेट सावकाश फिरवून पाहा. पिवळट हिरवी रेष दिसली तर पुसा, पुन्हा शॉट द्या. तीच रेष तिथेच उमटली तर जॉब बाजूला काढा.
- शेवटी डीमॅग करा आणि मीटर लावून 3 गॉसच्या आत आल्याची खात्री करा. चुंबकत्व उरले तर कीस चिकटतो आणि पुढे बेअरिंग खातो.

काय टाळावे

- शॉट संपल्यावर बाथ ओतू नका. जमलेली पूड धुऊन जाते.
- ग्रीस, स्केल किंवा जाड रंग असलेला जॉब तसाच तपासू नका.
- फोटोक्रोमिक चष्मा घालू नका. यूव्हीत काच काळी पडते आणि रेष दिसत नाही.
- ॲल्युमिनियम, पितळ किंवा 304 स्टेनलेसवर एमपीआय करू नका. तिथे एडी करंट तपासणी वापरा.
- एडी करंटचा प्रोब तिरका धरू नका. पृष्ठभागापासूनचे अंतर बदलले की सिग्नलही हलतो. फ्रिक्वेन्सी वाढवली की खोली कमी होते, हेही विसरू नका.
- खोलवरच्या दोषासाठी एमपीआय आणि एडी करंट या दोन्हींवर विसंबू नका. ते काम अल्ट्रासोनिकचे.
- पेसमेकर बसवलेल्या माणसाला या यंत्राजवळ उभे करू नका.

रिपोर्टवर 'भेग नाही' लिहिण्याआधी माहीत असलेल्या भेगेचा तुकडा त्याच बाथमध्ये, त्याच सेटिंगवर तपासा. त्याची भेग दिसली नाही, तर त्या पाळीचा एकही जॉब पास नाही.